मिरास: डाकारची आणि आपली

प्रश्न: सेनेगलच्या मारियामा बा यांच्या कादंबरीत (मूळ फ्रेंच, 1979, इंग्रजीत 'सो लाँग अ लेटर') नवरा वारल्यावर 'मिरास' होते. हा आपलाच शब्द का? भाषांतरात तसाच ठेवला तर चालेल?

शब्द तोच आहे. पण नुसता ठेवून दिलात तर वाचक भलत्याच गावी उतरेल.

मूळ अरबी 'मीरास', म्हणजे मृताच्या मागे राहिलेली मालमत्ता. आपले 'वारस', 'वारसा' त्याच धातूचे. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि जमिनीला चिकटला. मिरासदार म्हणजे पिढीजात हक्काने जमीन कसणारा, सारा भरतोय तोवर हलवता न येणारा. उपरी त्याच्या उलट. पुढे जमीन सुटली, हक्काची ऐट तेवढी उरली. 'ही काय तुझी मिरास आहे?' असं विचारतो तेव्हा कुणी मेलेलं नसतं.

सेनेगलमध्ये मात्र हा शब्द मयताला धरूनच राहिला. वाटणीचा क्रम इस्लामी कायद्याने ठरलेला: आधी दफनाचा खर्च, मग कर्जफेड, मग मृत्युपत्र (तेही एक तृतीयांशापर्यंतच), आणि उरेल त्यातून हिस्से. मुलं असतील तर बायकोला एक अष्टमांश. बायका दोन असल्या तरी अष्टमांश तोच, म्हणजे प्रत्येकीला सोळावा हिस्सा. देणी आधी मोजायची, म्हणून मेलेल्याचे कागद उघडावेच लागतात.

बा यांनी हेच पकडलं. कादंबरीची नायिका रामातुलाय इद्दतीत (मुस्लिम विधवेने पुन्हा लग्न न करता पाळायचा काळ, 4 महिने 10 दिवस; याला 'सुतक' म्हणू नका) बसलेली असताना नवऱ्याचा हिशेब उघडा पडतो. त्याने मुलीच्याच मैत्रिणीशी, बिनेतूशी, दुसरं लग्न केलेलं. सवतीच्या बंगल्यासाठी काढलेलं कर्ज रामातुलाय राहते त्या घराच्या तारणावर! घर दोघांच्या बचतीतलं, कागदावर नाव एकट्याचं. इथून ती मिरासीचा अर्थ ताणते: पैशाबरोबर माणसाची गुपितंही बाहेर काढायची. हा अर्थ मराठी कोशात शोधू नका, तो कादंबरीने घडवलेला आहे.

'वाटणी' लिहिलंत तर भाऊबंदकी आठवते, 'वारसा' म्हटलं की किल्ले आणि लेणी. म्हणून शब्द मूळचाच ठेवावा, पण 'मीरास' असा दीर्घ, म्हणजे परकेपणा दिसेल. आणि पहिल्यांदा येतो तिथे वाक्यातच उलगडावा: 'मीरासीत मेलेल्याचीही झाडाझडती होते.' तळटीप लागत नाही.

आपला ऱ्हस्व 'मिरास' वाया जात नाही. नवऱ्याच्या मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस उरकतो आणि दीर तामसिर येऊन इद्दत संपली की लग्न करणार असल्याचं परस्पर सांगून टाकतो. विचारत नाही, सांगतो. भावाची विधवा त्याने आपल्या हक्कात धरलेली असते. त्या प्रसंगात 'मिरासदारी' बेलाशक वापरा.