ताईला विचारा : सगळं सांगून टाकलं तर माझं काय उरलं?

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरची, जलरंगात काम करते. वर्षभर झालं, चित्र झालं की ते कसं केलं तेही ऑनलाइन लिहिते. क्लासमधला मित्र म्हणतो, असं फुकट वाटत बसलीस तर लोक तुझ्यासारखी चित्रं करून विकतील. परवा खरंच एकाने माझ्यासारखंच रंकाळा तलावाचं चित्र काढून ऑनलाइन टाकलं. लिहिणं बंद करू का?

उत्तर : अगं, बंद कशाला! कायद्याचं आधी उरकते. चित्र काढलंस की कॉपीराइट आपोआप तुझा, रजिस्ट्रेशनची सक्ती नाही, तुझ्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं. पण निळ्या अल्ट्रामरीनमध्ये तपकिरी बर्न्ट सिएना घालून ढगांचा करडा करायचा, यावर कुणाचाच हक्क नाही (मी पण तो सरांच्या पॅलेटमध्ये डोकावूनच उचललाय). तुझंच चित्र उतरवून कुणी विकत असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेव आणि सरळ जाब विचार, पण त्याने स्वतः बसून रंकाळा काढला असेल तर सोडून दे, तलाव काय आपल्या नावावर नाही.

आता लिहिण्याचं. तू पाठवलेल्या नमुन्यात 'वेट ऑन वेट केलं, मजा आली' (म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग) एवढंच आहे, त्यात चोरण्यासारखं आहेच काय? असं लिही ना, की कागद जाड, ३०० जीएसएमचा होता, जुलैची दमट हवा, आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, वाळलासा वाटला पण बोटांची मागची बाजू लावली तर गार लागत होता, म्हणजे आत ओल होती, तरी घाईने भरलेला ब्रश टेकवला आणि पाण्याने रंग कडेला ढकलून मधोमध फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उठला. हे वाचून दुसऱ्याचा कागद वाचेल, आणि पुढच्या पावसाळ्यात तुझाही, कारण आपण विसरतो गं, मी तर तीच चूक तीनदा केलीय.

व्हॅन गॉगने भावाला पत्रांतून कुठले रंग हवेत त्याच्या याद्या पाठवल्या, चालू चित्रांची स्केचेस काढून दाखवली, भावाला आणि इतरांना लिहिलेली त्याची ८००हून जास्त पत्रं २००९पासून ऑनलाइन फुकट आहेत. याद्या सगळ्यांना मिळाल्या, हात नाही मिळाला कुणाला!

प्रदर्शनासाठी ठेवलेलं चित्र मात्र आधी टाकू नकोस, ऑर्डरचं असेल तर गिऱ्हाइकाला विचारून टाक, आणि फोटो लहान साइजचा, प्रिंट काढता येणार नाही इतपत. रंकाळ्याचं एखादं बिघडलेलं चित्र फाडलं नसशील तर पुढच्या वेळी त्याच्यावरच लिही.