तुमचा प्रश्न असा: 1945 ते 1949 या काळात अणुबॉम्ब एकट्या अमेरिकेकडे होता, मग तिने तेव्हाच सोव्हिएत रशियाचा निकाल का लावला नाही? असं अस्त्र तुमच्या हातात असतं तर शत्रूच्या राजवटीवर वापरलं असतं का?

नसतं वापरलं. आणि अमेरिकेने केवळ दया म्हणून हात आवरला, असं सर्रास समजलं जातं, तेही निम्मंच खरं आहे.

हाच प्रश्न 1998च्या मे महिन्यात आमच्या घरात निघाला होता. त्यावरून एक म्हातारा माणूस भरल्या ताटावरून उठला. ते माझे आजोबा. म्हणून लिहायला बसलोय.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, घरटी एक माणूस पलटणीत. आजोबांना सगळा गाव तात्या म्हणायचा. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत, ते होते. एप्रिल 1945मध्ये इटलीत सेनिओ नदीच्या लढाईत नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्या लढाईत तात्या होते. पुढच्या वर्षी पलटण थिमय्यासाहेबांच्या 268 ब्रिगेडबरोबर जपानला गेली. शरण आलेल्या जपानच्या बंदोबस्ताला राष्ट्रकुलाची फौज होती, तिच्यात आपले लोकही होते. बोट कुरे बंदराला लागली. तिथून हिरोशिमा वीसेक किलोमीटर.

तात्या लढाईबद्दल फार बोलायचे नाहीत, पण हिरोशिमाबद्दल बोलायचे. इटलीत पडकी गावं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. तिथे निदान अर्धी भिंत उभी असायची, माणसाला आडोसा मिळायचा. इथे ट्रकमधून बघावं तिकडे आडोसा म्हणून काही नव्हतं. लोकांनी जळक्या जागेत वाफे करून भाजी लावली होती. आणि त्या उजाड माळातून ट्राम चालली होती. माणसं तिच्यात चढत होती, उतरत होती. लहानपणी मला ती ट्राम खोटी वाटायची. पुढे वाचलं तेव्हा कळलं की 6 ऑगस्टला बॉम्ब पडला आणि 9 ऑगस्टला एका टप्प्यावर ट्राम पुन्हा सुरूही झाली होती. पलटणीचं तिथलं काम म्हणजे पहारे, जपानी दारूगोळा शोधून नष्ट करणं, किनाऱ्यावर गस्त. एकही गोळी न झाडता केलेली नोकरी. पण ती करायला माणसं लागली, हजारोंनी.

आता 1998. पोखरणच्या चाचण्या 11 आणि 13 मेला झाल्या आणि त्याच आठवड्यात माझ्या बहिणीचा साखरपुडा होता. पंगतीत मामा बोलायला लागले. मामा शिकलेले, बँकेत अधिकारी, घरात त्यांच्या शब्दाला वजन. म्हणाले, "पाकिस्तानने अजून चाचणी केलेली नाही. हेच दिवस आहेत. आत्ताच कायमचा बंदोबस्त करून टाकायला हवा. अमेरिका 46 साली कचरली, म्हणून जगाला पन्नास वर्षं शीतयुद्ध भोगावं लागलं."

तात्यांनी घास खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, "आन् मग खाली उतरायचं कुनी?"

मामा म्हणाले, "तात्या, तुम्ही पायदळातले. तुम्हाला बंदूक कळते, राजकारण नाही. बॉम्ब असल्यावर कुणाला उतरावं लागत नाही."

सोयऱ्याधायऱ्यांसमोर, आपल्याच बहिणीच्या सासऱ्यांना हे बोलले. तात्या काही बोलले नाहीत. मागचा भात वाढायचा होता, त्याआधीच ताटाला नमस्कार करून उठले. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. मामांना उत्तर देण्याइतकी माहिती माझ्याकडे नव्हती आणि वडीलधाऱ्यांना उलट बोलायची छातीही नव्हती. 28 मेला पाकिस्तानने चगाईत चाचण्या केल्या, तेव्हा मामांचा फोन आला, "बघितलंत?" 2001 साली तात्या गेले. त्यानंतर मिळेल ते वाचत गेलो. त्यातलं जे पक्कं आहे ते सांगतो.

पहिली गोष्ट, "तेव्हाच संपवायला हवं होतं" म्हणणारे धरून चालतात की अमेरिकेच्या कोठारात बॉम्बची रास होती. 1946च्या मध्यावर होते 9. 1947ला 13. 1948ला 50च्या आसपास. तेही तयार नव्हे, सुट्या भागांत. एक बॉम्ब जोडायला 39 जणांची तुकडी आणि दोन दिवस लागत. तो नेऊ शकतील अशी बदल केलेली बी-29 विमानं 1948च्या सुरुवातीला तीसेक. जुलै 1948मध्ये रशियाने पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केलेली असताना राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने बी-29 विमानं गाजावाजा करून इंग्लंडला धाडली, त्यातल्या एकालाही अणुबॉम्ब नेता येत नव्हता. रशियाचे अणुकारखाने नेमके कुठे आहेत याची धड खबर नव्हती. नकाशे आणि हवाई छायाचित्रं बरीचशी जर्मनांकडून हाती लागलेली, युद्धातली.

आणि घाव घालायला मुदत किती, हेही ठाऊक नव्हतं. अमेरिकी गुप्तहेर खातं रशियाचा बॉम्ब बहुधा 1953ला येईल असं धरून होतं. तो 29 ऑगस्ट 1949ला सेमीपलातिन्स्कला फुटला.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मे 1949चा हार्मन समितीचा अहवाल. लेफ्टनंट जनरल ह्युबर्ट हार्मन हे हवाई दलाचे अधिकारी, समितीत तिन्ही दलांची माणसं. त्यांच्यापुढे प्रश्न असा होता: ठरलेल्या योजनेप्रमाणे रशियाच्या 70 शहरांवर 133 अणुबॉम्ब टाकले आणि सगळे नेमके पडले, तर काय होईल? उत्तर आलं: 27 लाखांपर्यंत माणसं मरतील, आणखी 40 लाख जखमी होतील, कारखानदारी 30 ते 40 टक्क्यांनी खाली येईल. आणि एवढं करून रशिया शरण येणार नाही. राजवट पडणार नाही. उलट अमेरिका आपल्या जिवावर उठलीय हा सरकारचा प्रचार लोकांना खरा वाटेल आणि ते सरकारच्याच मागे उभे राहतील.

27 लाख. याच देशाने हिटलरशी लढताना नुकतीच जवळपास 2 कोटी 70 लाख माणसं गमावली होती आणि गुडघे टेकले नव्हते.

मग पुढे? रशियाचं पायदळ पूर्व युरोपात उभं होतं. ते पश्चिमेकडे निघालं तर अडवायला समोर कोण होतं? 1945ला अमेरिकेच्या गणवेशात सव्वा कोटीच्या आसपास माणसं होती, दोन वर्षांत पंधरा लाखांवर आली. सगळे घरी गेले, त्यांना जायचंच होतं. अमेरिकेच्या लढाईच्या योजनांतच गृहीत धरलेलं होतं की सुरुवातीला पश्चिम युरोप हातचा जाईल. म्हणजे मॉस्कोवरच्या बॉम्बची किंमत पॅरिसने मोजायची. आणि शेवटी त्या सव्वादोन कोटी चौरस किलोमीटरच्या देशात जाऊन पहारे द्यायचे कुणी? जपानमध्ये सम्राटाने स्वतः रेडिओवरून शरणागती सांगितली होती, म्हणून आमचे तात्या रिकाम्या बंदुकीने गस्त घालू शकले. स्टालिन रेडिओवर येऊन असं काही बोलणार होता का?

ट्रुमनबद्दल एक सांगायला हवं. हिरोशिमाचा हुकूम त्याचाच, ते मी विसरत नाही. पण जुलै 1948मध्ये, बर्लिनचा पेच ऐन भरात असताना, बॉम्ब लष्कराच्या ताब्यात द्यावा ही मागणी त्याने नाकारली. हे साधं लष्करी हत्यार नाही, याने बायकापोरं मरतात, अशा अर्थाचं तो अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लिलिएंथल यांना म्हणाला. 1950च्या ऑगस्टमध्ये नौदलमंत्री मॅथ्यूज यांनी बोस्टनच्या भाषणात शांततेसाठी आपणच युद्ध सुरू करावं असं सुचवलं, तेव्हा सरकारने हात झटकले. रशियाची अणुकेंद्रं आठवड्यात मोडून काढतो म्हणणाऱ्या जनरल ऑरव्हिल अँडरसनला पदावरून दूर केलं. असं म्हणणारे मूर्ख नव्हते. बर्ट्रांड रसेलसारखा विचारवंत त्या वर्षांत रशियाला युद्धाची धमकी द्यावी अशा मताला आला होता. हुशार माणसंही या प्रश्नात चुकतात, कारण ती बॉम्ब पडेपर्यंतच विचार करतात.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, अस्त्र माझ्या हातात असतं तर? समजा, ते फक्त राज्यकर्त्यांनाच उडवेल असं काल्पनिक अस्त्र असतं. तरी माझं उत्तर तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या देशात रेशन कोण वाटणार, तुरुंगाच्या किल्ल्या कुणाकडे जाणार, हे ज्याला सांगता येत नाही त्याने त्या अस्त्राला हात लावू नये. तुमच्याही घरात कुणी जेवता जेवता देश संपवत असेल तर त्यांना एवढंच विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विषय सोडू नका. मी सोडला होता, त्याचा मला अजून त्रास होतो.

दोन गोष्टी राहिल्या. सोव्हिएत राजवटीची मी कड घेत नाही. युक्रेनचा दुष्काळ, छळछावण्या, 1956ला बुडापेस्टमध्ये घुसलेले रणगाडे, सगळं खरं आहे. आम्हाला चाळीस वर्षं त्यांच्या टाचेखाली का ठेवलंत, असं एखाद्या पोलिश माणसाने विचारलं तर माझ्याकडे त्याचं समाधान करणारं उत्तर नाही. आणि हार्मन समिती शांततावादी नव्हती. युद्ध पेटलंच तर झटपट मोठं नुकसान करायला हाच एक मार्ग आहे, त्यासाठी तयार राहा, असंही तिने त्याच अहवालात लिहिलं होतं.

मामा आता 83 वर्षांचे आहेत. त्यांची मुलगी त्यांना हे वाचून दाखवेल, तिला मी सांगितलंय. मामा, तुमच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे, माझी कॉलेजची फी तुम्ही भरलीत. पण त्या दिवशी तात्यांनी विचारलेलं बरोबर होतं, आणि तुम्ही ते पंगतीत बोललात तसं चारचौघांत मागे घ्यायला हवं. दिवाळीत येईन तेव्हा तात्यांचा कुरे बंदरावरचा फोटो घेऊन येतो. मागच्या रांगेत, डावीकडून तिसरे.