टर्बोचा पाइप: ॲल्युमिनियम की सिलिकॉन?

प्रश्न: माझ्या टर्बो स्पोर्ट्स कारचा एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा रबरी पाइप तडकलाय. नवा कोणता घ्यावा? – एक वाचक, कोथरूड

उत्तर: सिलिकॉनचाच घ्या, पण आत तारेचं वेटोळं असलेला. इथे टर्बो हवा खेचतो. मागच्या पावसाळ्यात एक गाडी कात्रजच्या चढावर दम टाकायची. बॉनेट उघडून रेझ केली, तर कोरा करकरीत पाइप चोखलेल्या आंब्यासारखा आत बसला! तार नव्हतीच. ॲल्युमिनियम चपटा होत नाही, पण इंजिन हलतं, त्यामुळे सिलिकॉनचे जोड लागतातच.

एअर फ्लो सेन्सर बसतो तिथला व्यास मात्र मूळचाच ठेवा, ही माझी कळकळीची विनंती. तो वाढला की सेन्सर हवा कमी मोजतो, पेट्रोल कमी पडतं, आणि बूस्टवर, म्हणजे टर्बो इंजिनात दाबून हवा भरत असताना, असं पेट्रोल कमी असलेलं पातळ मिश्रण पिस्टन खातं.

इंजिनाच्या तेलकट वाफेची नळीही बहुधा याच पाइपाला जोडलेली असते. साधं सिलिकॉन तेलाने फुगतं. आतून फ्लोरोसिलिकॉनचा, म्हणजे तेलाला दाद न देणाऱ्या सिलिकॉनचा, थर आहे का, विचारा. सुट्या भागांसाठी पुण्याच्या नाना पेठेत जाताना जुना पाइप सोबत न्या आणि नळ्यांची तोंडं जुळवूनच पैसे द्या.