वाचकांचे प्रश्न : शिकार सफारीला निघण्यापूर्वी

प्रश्न : दक्षिण आफ्रिकेत कुडू आणि इम्पाला या हरणासारख्या प्राण्यांच्या शिकारीला जायचं ठरतंय. रायफल मुंबईहून न्यावी का?
– एक वाचक, दादर

उत्तर : नेऊ नका, तिथेच भाड्याने घ्या. स्वतःची न्यायची तर तिथल्या पोलिसांचा एसएपीएस 520 अर्ज, मूळ परवाना, निमंत्रणपत्र, शिवाय वाटेत विमान बदललं तर त्या देशाचे नियम वेगळेच. एक कागद कमी पडला की रायफल विमानतळावर अडकते.

आगाऊ रक्कम भरण्याआधी करार नीट वाचा. परदेशी शिकाऱ्यासोबत परवानाधारक प्रोफेशनल हंटर (व्यावसायिक शिकार-मार्गदर्शक) लागतोच. जखमी होऊन निसटलेल्या प्राण्याचीही बहुतेक ठिकाणी पूर्ण फी घेतात, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे टेबलावर रायफल टेकवून केलेला सराव पुरत नाही. उभं राहून, तीन काठ्यांच्या आधारावर, 100 मीटरवरून सराव करा. कुडू आडवा उभा असेल तर नेम पुढच्या पायाच्या सरळ रेषेत, छातीच्या खालच्या एक तृतीयांश उंचीवर धरा. गोळी मागे सरकली तर पोटात लागते आणि जनावर तासन्‌तास तडफडतं. कोन पटला नाही तर चाप ओढूच नका.

शिंगं-कातडी भारतात आणायचा विचार असेल तर वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोचं लेखी उत्तर आधी मिळवा.

नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस किमान 10 दिवस आधी घ्या. लसीचं प्रमाणपत्र, म्हणजे पिवळं कार्ड, हातातल्या बॅगेत ठेवा.