झाडीत फिरायला टर्बो, आणि गुहागरच्या घराचे वासे

प्रश्न थोडक्यात असा. मूळचा गुहागरचा, वय 34, कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या रेव्हलस्टोकला जंगलतोडीच्या मशिनींचा मेकॅनिक. महिन्याला हातात 4,600 डॉलर, खर्च 3,100 (स्नोमोबाइलचा हप्ता धरून), आईला 500, उरतात 1,000. बँकेत 9,000 आहेत. गाडी म्हणजे ही स्नोमोबाइल, बर्फावर चालणारी, 850 सीसी टू-स्ट्रोक, लोन अजून 7,400 बाकी, व्याज 8.9 टक्के. तिला टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) लावायचाय, छोटा 5,200 चा घेऊ की मोठा 7,900 चा, फिरणं बहुतेक दाट झाडीत. आणि एकदम शेवटी, जाता जाता, "गावच्या घराचे वासे वाळवीने खाल्लेत, सुतार साडेतीन लाख म्हणतो, ते बघू नंतर."

अरे, त्या "बघू नंतर"वर येतोच, पण आधी टर्बोचं बोलू, नाहीतर म्हणशील चिपळुणात बसून याला बर्फातलं काय कळतंय. खरंय, बर्फ मी बघितलाय तो मिरकरवाड्याच्या जेटीवर, माशाच्या क्रेटमधला. पण हिशोब कळतो, आणि इंजिनचाही एक हिशोबच असतो.

उंचावर हवा विरळ, म्हणून बिनटर्बोचं इंजिन दर हजार फुटाला साधारण 3 टक्के ताकद घालवतं. तुझी गाडी समुद्रसपाटीला 165 हॉर्सपॉवर धर. तू फिरतोस दोन हजार मीटरच्या आसपास, म्हणजे साडेसहा हजार फूट, म्हणजे वीस टक्के गेले, उरले 132. तर तुझी तूट आहे तेहतीसची. छोटा टर्बो कमी बूस्टवर, म्हणजे हवेच्या कमी दाबावर, ती भरून काढतो आणि पंपावरच्या प्रीमियम पेट्रोलवर चालतो. मोठा टर्बो दोनशेच्या पुढे नेईल, पण ते दोनशे लागतात उघड्या डोंगरावर, सरळ चढाला, जिथे पाच-दहा सेकंद थ्रॉटल दाबून धरता येतो. दोन झाडांच्या मधून एका स्कीवर गाडी कलती करून काढताना तू थ्रॉटल सेकंदभर दाबतोस, सोडतोस, परत दाबतोस, तिथे मोठा टर्बाइन फिरायला लागेपर्यंत झाड आलेलं असतं.

हा लॅग, म्हणजे टर्बो जागा होईपर्यंतचा उशीर, मला कुंभार्ली घाटात कळला. जुनी टर्बो डिझेल जीप होती माझ्याकडे, हेअरपिनला दुसऱ्या गियरमध्ये पाय दिला की आधी काहीच नाही, गाडी मेल्यासारखी, म्हणून माणूस अजून पाय देतो, आणि मग एकदम मागून कोणी ढकलल्यासारखी सुटते, ती नेमकी कठड्याच्या दिशेने. बायकोने एकदा डॅशबोर्ड असा घट्ट धरला होता की घाट चढून कऱ्हाडला चहा घेतला तरी बोटं लाल होती. तिथे निदान कठडा होता, तुझ्याकडे झाडाच्या बुंध्याभोवती भुसभुशीत बर्फाचा खड्डा असतो आणि माणूस त्यात डोक्यावर पडला तर स्वतःहून निघत नाही.

तेव्हा घ्यायचाच तर छोटा, मोठ्याचा विचार सोड, हे झालं इंजिनपुरतं.

आता पैसे. तू मेकॅनिक आहेस, फिटिंगची मजुरी वाचेल, मान्य. पण 5,200 हा नुसता किटचा आकडा आहे. ताकद वाढली की क्लचचे वेट आणि स्प्रिंग बदलायला लागणार, बेल्ट लवकर जाणार, ट्युनिंगला पैसे, सगळं मिळून 5,900 धर. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचं मिश्रण जरा कमी पडलं की पिस्टन जळतो हे तुला मी सांगायला नको, पण बाहेरचा टर्बो लावलेल्या इंजिनचा वॉरंटी क्लेम बसणं अवघड असतं, म्हणजे पिस्टन जळला की खर्च तुझा, हे सांगायला पाहिजे. आणि गाडी विकताना किटचे पैसे कोणी पूर्ण देत नाही, उलट घेणारा विचारतो किती हाणलीयेस.

तर 9,000 मधून 5,900 गेले, उरले 3,100. बरोब्बर एका महिन्याचा खर्च. आणि तुझं काम कसलं? वसंतात बर्फ वितळून जंगलातले रस्ते चिखल झाले की तोड थांबते, तुझ्या गॅरेजचे तास कमी होतात, हे तूच लिहिलंयस. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, कुठला बोटवाला मे महिन्यात गाठीचे पैसे नव्या इंजिनात घालतो? घालतो एखादा, आणि मग जूनमध्ये माझ्यासमोर बसतो. सहा महिन्यांच्या खर्चाचे 18,600 होतात, तुझ्याकडे त्याच्या निम्मेच आहेत, त्यांना हात लावू नकोस.

प्री-सीझन डिस्काउंट गणपतीनंतर संपतंय म्हणतोस, संपू दे, पुढच्या वर्षी परत येईल.

वासे मात्र थांबणार नाहीत. कौलं उतरवायची ती दिवाळीनंतर, आणि मेच्या आत परत चढली पाहिजेत, आणि सुतार एप्रिलमध्ये शोधायला गेलास तर मिळत नाही, मिळाला तर दर त्याचा. तुझ्याकडे महिन्याला 1,000 उरतात, सप्टेंबर ते फेब्रुवारी सहा हजार झाले, 60 च्या भावाने 3 लाख 60 हजार. सुताराचा आकडा साडेतीन. बँकेतल्या 9,000 ला धक्का न लावता मार्चमध्ये घर होतंय. पाडव्याला आईच्या डोक्यावर नवे वासे, याच्याशी टर्बोची तुलना मी करणार नाही, ती तू कर.

मार्चनंतर तेच हजार लोनवर टाक, हप्ता चालूच आहे, पुढच्या गणपतीच्या आसपास लोन फिटतं. 8.9 टक्क्यांचं कर्ज फेडणं म्हणजे तेवढा बिनजोखमीचा परतावा, असली एफडी तुला तिकडे कोण देणार नाही. मग गाडी विकून कंपनीचाच टर्बो असलेली सेकंडहँड बघ. स्की-डूने 2020 च्या मॉडेलपासून 850 ला फॅक्टरी टर्बो दिलाय, तो 8,000 फुटांपर्यंत 165 हॉर्सपॉवर टिकवतो, म्हणजे तुझी तेहतीसची तूट तिथल्या तिथे भरली, पोलारिसचाही आहे 2022 च्या मॉडेलपासून. क्लच, ट्युनिंग सगळं कारखान्यातून जुळवून आलेलं असतं.

या हिवाळ्यात क्लच फक्त तू फिरतोस त्या डोंगराच्या उंचीला जुळवून घे, टर्बोच्या मानाने किरकोळ खर्च आहे. आणि हिमस्खलनाचा बीकन (बर्फाखाली गाडलेला माणूस शोधायचं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) आहे का ते तू लिहिलंच नाहीस. अ‍ॅव्हलांच कॅनडा या हिमस्खलनाचे इशारे देणाऱ्या संस्थेचं ऑफिस तुझ्याच गावात आहे, बेसिक कोर्स केला नसशील तर टर्बोच्या आधी तो.

अजून एक. भारतात काढलेल्या टर्म प्लॅनच्या, म्हणजे आयुर्विम्याच्या, फॉर्मात धोकादायक छंदांचा रकाना होता, त्यात स्नोमोबाइल लिहिलंस का? तेव्हा गाडी नव्हती म्हणत असशील तर कंपनीला आता लेखी विचार आणि उत्तर जपून ठेव. उद्या नॉमिनी म्हणून आईला कागद घेऊन फिरायला लागू नये.

आईला या रविवारी फोन कर, सुताराला म्हणावं वासे आणि रीपा वेगवेगळ्या मोजून लेखी दे, सागवान की आकेशिया तेही लिही. साडेतीन लाख हा आकडा मला जरा गोल वाटतोय.