नवा ईसीयू लावला आणि जिप्सी झटके मारायला लागली

प्रश्न : काका नमस्कार, माझी १९९७ ची कार्बोरेटरवाली जिप्सी आहे, तिच्यात एस्टीमचं १६ व्हॉल्वचं इंजिन बसवलंय. इंजिनासोबत मूळ ईसीयू (पेट्रोल आणि ठिणगी सांभाळणारा कॉम्प्युटर) मिळाला नाही म्हणून स्पीडुइनो हा स्वतः जोडायचा ईसीयू लावला, क्रँक पुलीवर ३६-१ चं (३६ पैकी एक दात मुद्दाम रिकामा ठेवलेलं) दातेरी चाक आणि ते दात मोजणारा दोन वायरचा पिकअप सेन्सर बसवला. आयडलिंग मस्त आहे पण ३५०० च्या वर रेस दिली की झटके मारते. पेट्रोलच्या किती पट हवा आहे ते सांगणारा वाइडबँड मीटर तेव्हा १७-१८ दाखवतो म्हणून मॅपमध्ये (ईसीयूतल्या पेट्रोलच्या तक्त्यात) पेट्रोल वाढवत गेलो, आता प्लग काळेकुट्ट झालेत आणि तरी झटके आहेतच. मोठे इंजेक्टर टाकू का? — एक वाचक, सातारा

उत्तर : नको हो, इंजेक्टरला हात लावू नका! तुमचं मीटर खोटं बोलत नाहीये, तुम्ही त्याचं चुकीचं ऐकताय. वाइडबँड सेन्सर पेट्रोल मोजत नाही, सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजतो. ठिणगी चुकली की न जळलेली हवा तशीच बाहेर पडते, तिच्यातला सगळा ऑक्सिजन सेन्सरला दिसतो आणि आकडा १४.७ च्या (पेट्रोल पुरतं जळायला लागणाऱ्या हवेच्या) कितीतरी वर जातो, आपल्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय. मीटर लीन (पेट्रोल कमी) दाखवतंय आणि प्लग मात्र जास्त पेट्रोलने काळे, म्हणजे गडबड बहुतेक ठिणगीकडेच आहे.

आता ठिणगी का चुकते ते बघा. ३६-१ च्या चाकावर प्रत्यक्षात ३५ दात, म्हणजे ३६०० आरपीएमला सेकंदाला २१०० पल्स ईसीयूत जातात, त्यात कॉइलच्या करंटमुळे एक जरी खोटा पल्स घुसला तरी ईसीयूचं मोजणं चुकतं आणि रिकामा दात परत सापडेपर्यंत तो ठिणगी बंद ठेवतो, तोच तुमचा झटका. लॅपटॉपवर सिंक लॉसचा (ईसीयूचं मोजणं किती वेळा चुकलं त्याचा) आकडा चालू ठेवून रेस द्या, झटक्याबरोबर तो वाढला की चोर सापडला.

मग सॉफ्टवेअरमधला टूथ लॉगर उघडा, त्यात दोन दातांमधला वेळ बारच्या उंचीने दिसतो. सगळे बार सारखे आणि रिकाम्या दाताचा एकच दुप्पट उंच दिसायला हवा. त्या एकाच्या जागी दोन अर्धवट उंच दिसले तर सेन्सरच्या दोन वायर उलट्या लागल्यात, अदलाबदल करा. पिकअपची वायर शील्डवाली हवी, शील्डचं अर्थिंग फक्त ईसीयूकडच्या टोकाला, दोन्हीकडे केलंत तर तीच वायर अँटेना होते (हे मी स्वतः एकदा करून दोन रविवार घालवलेत). ईसीयूचा अर्थ इंजिन ब्लॉकवर घ्या, बॉडीवर कुठेतरी स्क्रू मारून नको. आणि प्लगचा नंबर वाचा, एनजीकेच्या नंबरात आर हे अक्षर नसेल तर ते रेझिस्टरवाले (ठिणगीचा विद्युत गोंगाट कमी करणारे) नाहीत, आधी ते बदला, सगळ्यात स्वस्त काम तेच आहे.

एवढं झालं की सॉफ्टवेअरमध्ये ॲडव्हान्स (पिस्टन वर पोचायच्या किती आधी ठिणगी पडते ते) १० डिग्रीवर फिक्स करा आणि पुलीवर टायमिंग लाईट मारा. आयडलिंगला १० आणि ३००० लाही १० च दिसलं पाहिजे, खूण सरकायला लागली तर परत पिकअपकडेच जा. त्यानंतर वाढवलेलं पेट्रोल काढून टाका, जुनी फाईल सेव्ह केली असेल तर तीच टाका, प्लग साफ करा आणि मग मॅपला बसा.

इंजिन नंबर आरसीवर चढवलाय का तेवढं सांगितलं नाहीत. इंजिन बदललं की आरटीओची परवानगी लागते आणि क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाले पहिलं तेच विचारतात.

प्रश्न : ईसीयूचा डबा बॉनेटखाली ठेवला तर चालेल का? वायर कमी लागते. — तेच वाचक

उत्तर : साताऱ्याच्या पावसात? आत डॅशबोर्डखाली ठेवा, वायर फायरवॉलच्या भोकातून रबरी ग्रोमेट घालून आणा आणि पिकअपची वायर कॉइलच्या वायरींपासून लांबच ओढा.