वीस मिनिटं, मग ग्लास भरा

पोरी,

तुझ्या विज्ञानगप्पांच्या तिसऱ्या बैठकीला पाहुण्यानं सव्वा तास स्लाइड दाखवल्या, 'काही प्रश्न?' म्हटल्यावर सगळे आपापल्या ग्लासात बघत बसले, आणि तू आता मोठा हॉल नि चांगला प्रोजेक्टर शोधायला निघालीस! दुखणं एकीकडे, मलम भलतीकडे.

वीस मिनिटं. पाहुण्याला तेवढीच दे. मग ग्लास भरायला सुट्टी, आणि नंतर तासभर नुसते प्रश्न. ही काही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. डंकन डलास यांनी १९९८मध्ये इंग्लंडातल्या लीड्सच्या एका वाइन बारमध्ये कॅफे सायंटिफिक, म्हणजे शास्त्रज्ञाशी विज्ञानावर गप्पा मारायची बैठक, सुरू केलं ते असंच. गृहस्थ टीव्हीचे निर्माते, म्हणजे चित्रांवर पोट भरणारे; तरी या कॅफेच्या रीतीत स्लाइड शक्यतो टाळतात.

मधली सुट्टी वगळावी, असं तू लिहिलंस. अजिबात नको! त्या दहा मिनिटांत माणूस शेजाऱ्याला हळूच विचारतो, "ते जनुकांचं कळलं का हो?" शेजाऱ्यालाही कळलेलं नसतं. मग कुठे हात वर करायचा धीर होतो. ग्लासात बिअर आहे की सरबत, यावर वाद घालत बसू नकोस. हाताला चाळा हवा, एवढंच.

१६८४च्या जानेवारीत हॅली, हुक आणि रेन हे तिघे इंग्रज शास्त्रज्ञ असेच बोलत बसले होते. ग्रहांच्या गतीचं कोडं दोन महिन्यांत सिद्ध करून दाखवणाऱ्याला रेन यांनी चाळीस शिलिंगांचं पुस्तक देऊ केलं. हुक म्हणाले, उत्तर माझ्याकडे आहे. दिलं मात्र नाही. हॅली ऑगस्टमध्ये न्यूटनकडे गेले तो हाच प्रश्न घेऊन, आणि त्यातून न्यूटनचा १६८७चा ग्रंथ 'प्रिन्सिपिया' उभा राहिला. भाषण कुणीच ठोकलं नव्हतं.

मीही अशी बैठक चालवायचो, तेव्हा एकदा चुकलो. पाहुणा नावाजलेला खगोलशास्त्रज्ञ होता, विसाव्या मिनिटाला त्याला थांबवायची माझी छाती झाली नाही. मागच्या बाकावर चष्म्याची भिंगं घासणारे एक गृहस्थ होते. त्यांनी तीनदा हात वर केला, तीनदा खाली घेतला. पुन्हा आले नाहीत. त्यांना काय विचारायचं होतं, हे मला आजही माहीत नाही.

तेव्हापासून विसाव्या मिनिटाला मी ग्लासवर चमचा वाजवायला लागलो. दोन पाहुणे दुखावले. जुन्या मित्रानं मला हेकट म्हणून येणं सोडलं. पुढे बैठकच बंद पडली, तीही माझ्या चमच्यामुळे, असं तो सांगत फिरतो. असेल. पण शेवटच्या वर्षी प्रश्नांना वेळ पुरत नव्हता, हे तो कुणाला सांगत नाही.

पुढच्या पाहुण्याला आमंत्रण देतानाच वीस मिनिटं सांगून टाक. फुगला तर फुगू दे. आणि चमचा स्टीलचा घे, प्लास्टिकचा ऐकू जात नाही.